दात साफ केल्याने ते हलतात का?

‘दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की ते हलू लागतात,’ असे वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकले असेल. यात तथ्य किती, ते पाहू.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापड-व्यापारी लेव्हेनहुक मिठाने दात घासून स्वच्छ ठेवी. तरीही दातांच्या फटींत पांढरा लगदा साचे. तो त्याने आपल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तो काय! त्यात असंख्य जीव वळवळत होते. १६८३ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले.

जंतूंचा हा मऊ थर ब्रशने निघतो. जो राहतो, त्यात लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट साचून तो काही दिवसांतच दगडासारखा कडक होऊ लागतो. पाणी तापविण्याच्या बंबात क्षारांचे पुट चढते, तसाच हा प्रकार. हेच कीटण. ते ब्रशने निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर जंतूंना आयता आसरा मिळतो. हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते आणि पुढे दाताला आधार देणारे हाड झिजते. हे बहुधा न दुखता घडते; खरा धोका तोच.

दंतवैद्य प्रथम लहान आरशाने दात तपासतात. मग एका यंत्राचे बारीक टोक कीटणाला लावतात. हे टोक सेकंदाला सुमारे २५ ते ३० हजार वेळा कंप पावते. त्याने कीटणाचे कपचे सुटतात. टोक तापू नये म्हणून त्यावर पाणी सोडतात व तोंडातील पाणी नळीने ओढून घेतात. उरलेले कीटण हातातील अवजाराने खरवडतात. शेवटी फिरत्या रबरी कपाने दात गुळगुळीत करतात. दाताचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. यंत्र नीट वापरले, तर त्याला इजा होत नाही.

मग दात हलल्यासारखा का वाटतो? कीटणाने बुजलेल्या फटी मोकळ्या होतात आणि सुजलेली हिरडी आक्रसते. काही दिवस थंड पाणीही झोंबते. दात खरोखरच हलत असेल, तर त्याचे हाड आधीच झिजलेले असते. कीटणाने ते केवळ झाकून ठेवलेले असते. दोष सफाईचा नव्हे, उशिराचा!

आता जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागून फिरवा. लाळग्रंथींच्या नलिका जिभेखाली उघडतात, म्हणून कीटण तेथे अधिक साचते. खडबडीत लागले? मग दंतवैद्याकडे जाण्यास दुखण्याची वाट पाहू नका.