झोप लागते का रे?

हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांना मराठवाड्याकडचा एखादा विद्यार्थी बहुधा जोडलेला असतोच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. पुढे १९५८ मध्ये औरंगाबादेला वेगळे विद्यापीठ होईपर्यंत नांदेड-परभणीकडच्या मुलाला पदवी हवी असली, तर त्याची वाट बहुधा काचीगुडा स्टेशनावरूनच जाई. नंतर ती गरज उरली नाही, पण वाट मोडली नाही. आमच्या वाट्याला सध्या धाकट्या बहिणीचा मुलगा आला आहे. राहतो विद्यानगरात, चौघांच्या खोलीत, उस्मानियात एम. एस्सी. करतो आणि रविवारी दुपारी आमच्याकडे जेवतो.

दसऱ्यानंतर त्याचे रविवार चुकू लागले. बहिणीचा नांदेडहून फोन आला, “दादा, हा फोनवर हो-नाही एवढंच बोलतो. बघ की जरा.” मी त्याला बोलावून घेतले. अभ्यास कसा चाललाय? ठीक. तब्येत? ठीक. पैसे पुरतात का? पुरतात. असल्या प्रश्नांना असलीच उत्तरे मिळायची. मग पानावरून उठताना, त्याचे डोळे पाहून, सहज म्हणून विचारले, “रात्री झोप लागते का रे?”

तो हातावर पाणी घेत तसाच उभा राहिला. म्हणाला, “महिना झाला मामा, झोपच लागंना.”

त्यानंतर तासभर तो बोलत होता. ‘मन लागत नाही’ हे सांगायला मुलांना लाज वाटते. ‘झोप लागत नाही’ हे सांगायला वाटत नाही. दार तेच, फक्त कडी दुसरी.

खरे सांगायचे तर जागरणाचे कौतुक आपल्याच लोकांनी करून ठेवले आहे. विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारा एक संस्कृत श्लोक आहे, त्यात कुत्र्यासारखी सावध झोप हे एक लक्षण. आमचे वडील पहाटे चारला तो श्लोक म्हणतच दिवा लावीत. पण योग अति झोपणाऱ्याला साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे, ते मात्र त्यांनी कधी ऐकवले नाही! मी स्वतः १९७५ साली परीक्षेपूर्वी ओळीने चार रात्री जागलो. ‘नाइट मारणे’ हा तेव्हाही पराक्रमच होता. पेपर हाती आला तेव्हा उत्तर वहीच्या कोणत्या पानावर, कोणत्या कोपऱ्यात आहे ते लख्ख दिसत होते. अक्षर मात्र एकही वाचता येईना.

याचे कारण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९२४ सालीच सापडत आले होते. जेंकिन्स आणि डॅलेनबाक यांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन शब्दांश पाठ करायला लावले. पाठांतरानंतर कधी त्यांना झोपू दिले, कधी तेवढेच तास जागे ठेवले. झोपून उठल्यावर त्यांना कितीतरी अधिक आठवले. म्हणजे पाठांतराचे उरलेले काम झोपेत होते, आणि आपण नेमका तोच वेळ कापतो.

भाच्याला मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेले. नेण्याआधी बहिणीची समजूत काढावी लागली. या शहरात ‘एर्रागड्डा’ म्हटले की लोक हसतात, कारण मनोरुग्णालय तिथे आहे. पुण्याकडे ‘येरवडा’ म्हणतात तसेच. “लोक काय म्हणतील,” ती म्हणाली. पोट दुखले असते तर हा प्रश्न तिला सुचलाही नसता.

बाईंनी औषधाचा कागद पुढे ओढण्याआधी खोलीची चौकशी केली. मला आधी हे विचित्र वाटले. खोलीत चार कॉट, टेबल एकही नाही. म्हणजे कॉटवर बसून जेवायचे, कॉटवर वाचायचे, घरी फोन तिथूनच, मित्रांची बैठक तिथेच, मोबाइलवर सिनेमाही तिथेच, आणि मग दोन वाजता त्याच कॉटला सांगायचे की आता झोप दे. बाई म्हणाल्या, “कॉटला कसं कळणार?” रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली उपचारपद्धती याच गोष्टीवर उभी आहे: अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवायचे, झोप येत नसली तर तळमळत न पडता उठून बाहेर बसायचे, डोळे जड झाले की परत यायचे. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. दुपारी झोपायचे नाही.

यातले ‘उठायची वेळ’ हे मला नवीन होते. आपण मुलांना ‘लवकर झोप’ म्हणून बजावतो. झोप काही हुकमाने येत नाही. उठणे मात्र हातात असते. शिवाय विशीच्या वयात शरीरातले घड्याळच थोडे उशिरा चालते, तो निव्वळ आळस नव्हे. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. ते जुळवणारी मुख्य किल्ली म्हणजे उजेड. तेव्हा सकाळी उन्हात चालायचे आणि रात्री मोबाइल उशाशी ठेवायचा नाही. आणि रात्री अकराचा इराणी चहा बंद! भाच्याचा चेहरा इथे सर्वांत पडला. पण चहातले कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. उस्मानिया बिस्किटावर बंदी नाही, एवढेच समाधान.

शेवटी बाईंनी त्याला माझ्यादेखत, शांतपणे विचारले, “जगू नये असं कधी मनात आलं का?” माझ्या पोटात धस्स झाले. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात जाईल, असे मला वाटत होते. तसे होत नाही, उलट ओझे उतरते, हे त्यांनी नंतर सांगितले. तो म्हणाला, “दोनदा.” पहिल्या सत्राचा एक विषय राहिला होता, घरी सांगितले नव्हते. तेवढ्यावरून.

त्या रात्री त्याला आम्ही आमच्याकडेच ठेवून घेतले. पुढे दर आठवड्याला बाईंकडे जाणे चालू राहिले. गोळ्याही काही दिवस होत्या. मध्यरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. २०२२ साली सरकारने सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. तो नेमला जावा, आणि त्याच्या खोलीच्या दारावरून जाताना मुलांना हसू येऊ नये.

बहिणीला राहिलेल्या विषयाचे त्याने स्वतःच सांगितले. ती एवढेच म्हणाली, “जेवलास का?”

जुमेरात बाजारातून आम्ही एक जुने टेबल घेतले. एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा सारला. खोलीतली बाकीची तिघेही आता त्याच टेबलासाठी भांडतात. झोप अजून रोज धड लागते असे नाही. लागते तेव्हा सहा-साडेसहा तास होतात, सातावर जायला हवी. रविवार मात्र चुकत नाहीत. जेवण झाले की मी वामकुक्षीला आडवा होतो आणि दुपारची झोप वर्ज्य असल्यामुळे त्याला घराबाहेर पिटाळतो. जाताना तो दारातून विचारतो, “मामा, तुम्हाला रात्री झोप लागते का?”

आमच्या घरात हा प्रश्न आता सगळेच सगळ्यांना विचारतात.