लेकी-सुनांची ऑनलाइन परिषद

आपल्या राणीसावरगावातली लेक किंवा सून पीएच.डी. करत असेल, तर कधीतरी म्हणते, "उद्या माझी ऑनलाइन परिषद आहे." म्हणजे काय, ते आज समजून घेऊ.

बचत गटाच्या बैठकीत आपण हिशेब सगळ्यांपुढे मांडतो ना, तसंच हे. ठिकठिकाणचे संशोधक विद्यार्थी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर एकत्र येतात. प्रत्येकाला साधारण दहा-पंधरा मिनिटं मिळतात. काय शोधलं, कसं शोधलं, काय हाती आलं, ते सांगायचं. मग जाणकार प्रश्न विचारतात. त्यातून कामातली कच्ची बाजू वेळेत कळते, ओळखी वाढतात, प्रमाणपत्रही मिळतं.

पूर्वी यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागे. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च व्हायचा. लेकरू लहान असलं की जाणंच राहायचं. आता घरूनच जमतं. पण ती घरात दिसते म्हणजे मोकळी आहे, असं नाही.

तिने आदल्या दिवशी लिंक उघडून आवाज तपासावा. रेंज कुठे नीट येते ते बघावं. लाइट जाते, म्हणून फोन भरून ठेवावा. आपली फाइल आयोजकांना आधीच पाठवावी. शुल्क भरण्याआधी परिषद कोणतं कॉलेज किंवा विद्यापीठ घेतंय, याची खात्री करावी. आपली पाळी नसताना माइक बंद ठेवावा.

आणि आपण काय करायचं? तेवढा वेळ लेकरू सांभाळायचं, टीव्ही बंद ठेवायचा, स्वयंपाकाला हाक मारायची नाही. संध्याकाळी मात्र तिला जवळ बसवून विचारायचं, "बाई, तिथं काय सांगितलंस? आम्हालाही सांग."