गावच्या जमिनीचे दप्तर कोणाच्या हाती?

जमीन गावात, नांगर गावात, बांधावरची भांडणंही गावातलीच. मग जमिनीचं दप्तर तेवढं तहसील कचेरीच्या हाताखाली का? हा प्रश्न ग्रामसभेत पुष्कळदा निघतो. ग्रामपंचायत पाणी पुरवते, दिवाबत्ती पाहते, घरपट्टी गोळा करते; तर मग वारसाची नोंद आणि सातबारा तिच्याकडेच का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. पण 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी गाठोडं सोडून आत काय काय आहे ते पाहिलं पाहिजे.

पूर्वी हे दप्तर कुलकर्ण्याच्या घरात असे आणि वसुली पाटलाच्या शब्दावर चाले. १९५१ साली कुलकर्णी वतन गेलं, १९६३ च्या आरंभी मुलकी पाटीलकी गेली, आणि सगळा भार पगारी तलाठ्यावर आला. दरम्यान १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, शेतीसुधारणा, जनावरांचे दवाखाने त्यांच्याकडे आले. महसूल आणि भूमी अभिलेख मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडेच राहिले. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनेही पंचायतींच्या यादीत जमीन सुधारणा, एकत्रीकरण, मृदसंधारण घातलं, हक्कनोंदीचं नाव तिथं नाही. हे नजरचुकीनं झालं असं मला वाटत नाही.

आता एक साधी गोष्ट घ्या. घरातला कर्ता माणूस वारला. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत होते, दाखलाही तिथूनच मिळतो. पण सातबाऱ्यावर बायकोचं आणि मुलामुलींचं नाव चढवायला निराळा अर्ज, निराळं दार. तलाठी – अलीकडे त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात – फेरफार नोंदवहीत नोंद धरतो, तिची प्रत चावडीवर लावतो, संबंधितांना नोटिसा देतो. हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि चौकशी होते. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. एकाच गावात दोन वह्या, आणि एकीचं दुसरीला ठाऊक नाही! मधल्या काळात दीर पीककर्ज काढतो, बाई मात्र सोसायटीच्या दारात उभी राहते. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव तर 'राहून' जातं. ते कसं राहतं, हे खेड्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

इथं पंचायत उपयोगी पडेल, आणि आजच पडेल. मेला कोण, मागं कोण कोण आहे, दुसऱ्या गावी दिलेली लेक कोणती, हे गावाला जितकं माहीत असतं तितकं तालुक्याला कधीच कळत नाही. मृत्यूची नोंद झाली की वारसांची यादी ग्रामसभेत वाचावी आणि तीच पुढं पाठवावी. २०१७ साली संगणकावर चढवलेले सातबारे तपासण्यासाठी चावडी वाचन झालं, तेव्हा हीच रीत वापरली होती.

पश्चिम बंगालमध्ये याचा मोठा अनुभव आहे. १९७८ साली तिथं बटाईदारांची नावं नोंदवण्याची मोहीम निघाली. तिला 'ऑपरेशन बर्गा' म्हणतात. त्याच वर्षी पंचायतीही निवडून आल्या होत्या. अधिकारी वस्तीवर जाऊन शिबिरं भरवीत, आणि कोण कोणाची जमीन कसतो ते चारचौघांत विचारीत. चौदा लाखांच्या आसपास बटाईदारांची नावं कागदावर आली. पंचायतींनी माणसं जमवली, धीर दिला, ओळख पटवली. पण लेखणी सरकारी अधिकाऱ्याच्या हाती होती.

लेखणीचा मुद्दा एवढ्यासाठी, की १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्कनोंद ही उलट सिद्ध होईपर्यंत खरीच धरली जाते. चुकीची नोंद खोडून काढायला प्रांताकडे अपील, पुढं दिवाणी कोर्ट, आणि त्यात माणसाचं अर्धं आयुष्य. हा निवाडा सरपंचाकडे दिला आणि वादी त्याच्याच भावकीतला निघाला तर? गायरानाचं पाहा. तिथलं अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे, शिवाय अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो असंही कायदा सांगतो. तरी गायरानं आक्रसतच चालली. मतं ज्यांची घ्यायची त्यांच्याच झोपड्या आणि कुंपणं हलवायची, हे निवडून आलेल्या माणसाला जड जातं. यात माणूस वाईट असतो असं नाही. त्याला बसवलेली जागाच तशी आहे.

पंचायतीची तयारी कितपत, हे पाहायला फार लांब जायला नको. आपल्या गावचा नमुना आठ काढून पाहा. ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. वर्षानुवर्षं पंचायतीच्याच ताब्यात. कित्येक ठिकाणी आजोबाचं नाव तसंच आहे, लांबीरुंदी अंदाजानं लिहिलेली, आणि नकाशा मुळीच नाही. लोक मात्र त्यालाच मालकीचा कागद समजतात, जो तो नव्हे. ही उणीव भरून काढायला २०२० साली स्वामित्व योजना आली. ड्रोननं गावठाणाची मोजणी होते आणि घरोघरची मिळकत पत्रिका भूमी अभिलेख खातं तयार करतं. पत्रिका तयार झाली, तरी पुढच्या वाटण्या, विक्री आणि वारस त्यात वेळच्या वेळी चढले नाहीत, तर दहा वर्षांत तिचाही नमुना आठ होईल.

म्हणून मला वाटतं, सुरुवात गावठाणापासून करावी. घरजागेत काय बदल झाला याची खबर भूमी अभिलेख खात्याला देण्याची जबाबदारी मुदत घालून पंचायतीवर टाकावी, आणि त्यासाठी माणूस व पैसा आधी द्यावा. एक ग्रामपंचायत अधिकारी आधीच करवसुली, घरकुलं आणि दाखले सांभाळतो. नुसता हुकूम काढून हे काम होणार नाही. शेतजमिनीच्या वारसांची यादी ग्रामसभेकडे जावी. मोजणी आणि वादाचा निकाल मात्र गावाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे राहावा. शिक्षकांना या कामात वाटा आहेच. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, पण ती वाचतो कोण? सातवीतल्या मुलाला आपल्या घरचा सातबारा वाचता आला, तर पंधरा दिवसांच्या आत घरात कोणीतरी विचारील, "आत्याचं नाव यात का नाही?"