कलेतून मनाकडे : चौकाची शिस्त

सरावलीच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न आज घ्यायला हवा. ते विचारतात : मन मोकळं करायला चित्र काढा असं सगळेच सांगतात, पण आमच्या डहाणू-तलासरीकडच्या वारली चित्रात कुणी रडत नाही, कुणी चिडत नाही. बाई असो की बुवा, दोन त्रिकोण आणि एक गोल. त्यात काढणाऱ्याचं मन कुठे मोकळं होतं? प्रश्न अगदी वर्मावर आहे. माझं म्हणणं असं की चित्राने मनाला उभारी मिळते ती दुःख कागदावर ओतल्यामुळे कमी, आणि हात, डोळे व लक्ष एका रचनेत गुंतल्यामुळे जास्त. वारली चित्र हे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

आधी प्रयोगातला पुरावा पाहू. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आधी दुःखद चित्रफीत दाखवली. मग काहींना मनातली भावना चित्रात उतरवायला सांगितली आणि काहींना भलत्याच विषयाचं चित्र काढायला सांगितलं. भलत्याच विषयात रमलेल्यांचा मूड अधिक सुधारला. पुढे सहा ते बारा वर्षांच्या मुलांवर त्यांनी असाच प्रयोग केला, तेव्हाही कल तोच दिसला. कारण समजण्यासारखं आहे. खिन्न माणूस आधीच तोच तो विचार उगाळत असतो. त्याला पुन्हा तेच रेखाटायला लावलं तर उगाळणं लांबतं. रेघ सरळ येतेय का, जागा पुरतेय का, असले साधे प्रश्न समोर आले की तेवढा वेळ तरी ती साखळी तुटते. गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांच्या 2016 च्या अभ्यासात 39 प्रौढांनी पाऊण तास कलाकाम केलं, आणि सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, उतरलेलं आढळलं. चित्रकलेचा आधीचा सराव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार मोठा निष्कर्ष उभारू नये. पण दिशा तीच आहे.

आता वारली लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढलेलं चौकोनी चित्र, डोळ्यांसमोर आणा. शेणामातीने सारवलेली, गेरूने रंगवलेली भिंत. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी. चौकटीच्या काठाने नक्षीच्या ओळीवर ओळी, आणि मधे पालघट देवी. हे काम परंपरेने सुवासिनींचं. त्या मिळून चौक लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित बाई, गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. मनाला आधार देणाऱ्या तीन गोष्टी इथे एकत्र आल्या आहेत. आकृती ठरलेली असल्यामुळे ‘मला जमेल का’ ही धास्ती नाही. तेच आकार पुन्हा पुन्हा काढायचे असल्यामुळे लक्ष टिकतं. आणि काम चारचौघींत होतं, त्यामुळे काढणारी एकटी पडत नाही. चौक हा विधी आहे, उपचार नाही, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. पालघट देवीला ‘थेरपी’चं लेबल लावून विकणं मला मुळीच मान्य नाही. पण विधीचा मान राखूनही त्यातली कामाची पद्धत समजून घेता येते.

या भागात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव निघणारच. 1934 साली तलासरी तालुक्यातल्या धामणगावात त्यांचा जन्म झाला, पुढे डहाणूतल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर ते राहिले, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. लहानपणी आई वारल्यावर त्यांची वाचा बसली आणि ते धुळीत चित्रं काढून बोलत, असं त्यांच्याविषयी नेहमी सांगितलं जातं. एका माणसाच्या हकिकतीवरून उपचाराचा नियम काढता येत नाही. काळानेही दुःख हलकं होतं. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्या प्रसिद्ध चित्रांत मासेमारीचं जाळं आहे, मुंग्या आहेत, तारपा नाच आहे, शेती आहे. ती नजर आपल्या जखमेपेक्षा भोवतालच्या जगावर खिळलेली आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप डॉक्टरांकडून येतो : खऱ्या आजारात चित्राचा उपयोग किती? ब्रिटनमध्ये ‘मॅटिस’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. स्किझोफ्रेनियाच्या 417 रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला आठवड्यातून एकदा गटात कला-उपचार देऊ केला होता. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याने अधिक फायदा दिसला नाही, आणि बरेच जण सत्रांना फारसे आलेच नाहीत. हा निकाल मी पूर्ण मान्य करतो. ‘कला-उपचार’ हे नाव 1942 मध्ये रूढ करणारे ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल स्वतः क्षयाच्या आरोग्यधामात बरे होत असताना चित्रांकडे वळले होते. तिथेही चित्र वैद्यकीय उपचारांच्या जोडीनेच होतं. चित्र औषधाची जागा घेत नाही. रोजचा ताण, काळजी, शोकाचे जड दिवस पेलायला ते मदत करतं, आणि तेवढंही थोडं नाही.

म्हणून बालवाडीच्या ताईंना आणि आश्रमशाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. महागडं साहित्य लागत नाही हे तिथे कधीच सिद्ध झालं आहे. मूल गप्प झालं असेल तर ‘तुझं दुःख काढ’ म्हणू नका. त्याला काडी द्या, पीठ द्या, चार मुलांत बसवा, एक चौकट आखून द्या. काढल्यावर अर्थ विचारत बसू नका. ते आपणहून सांगेल तर ऐका. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर चित्रावर विसंबून थांबू नका. डॉक्टरांकडे न्या, किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर लगेच फोन करा, तो विनामूल्य आहे.