वसईचे गोन्सालो आणि रोमचा शब्द

भिवंडीची कामवारी नदी ज्या खाडीला मिळते, तीच खाडी पुढे वसईच्या किल्ल्याजवळून समुद्राला जाते. भारतात जन्मलेल्या कॅथलिक संतांमध्ये पहिला मान ज्यांचा, ते गोन्सालो गार्सिया या वसईचे. जन्म १५५६च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जेसुइटांकडे शिकले, पोरसवदा वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा आपलीशी केली, काही वर्षे व्यापार केला आणि अखेर मनिलात फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले. धर्मगुरुपद त्यांनी कधीच घेतले नाही. १५९३ साली फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला गेले, तेव्हा दुभाषा होता हा वसईकर!

१५९६च्या अखेरीस हिदेयोशी उलटला. चोवीस जणांना पकडून क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा छाटला आणि ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेले. वाटेत आणखी दोघे त्यांना येऊन मिळाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांतले सतरा जण प्रापंचिक होते. लुईस नावाचा मुलगा तर अवघा बारा वर्षांचा.

रक्तसाक्षी म्हणून लोकांनी त्यांना लगेच मानले. रोमचा शब्द यायला मात्र वेळ लागला. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केले. याच पोपनी १६३४ मध्ये रोमच्या संमतीवाचून कुणाचीही जाहीर संतभक्ती करू नये, असा कडक नियम घातला. त्यानंतर १७३९ साली वसई मराठ्यांकडे आली, पुढे इंग्रजांकडे गेली, आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद दिले. मृत्यूनंतर २६५ वर्षांनी! कॅथलिक श्रद्धेप्रमाणे पोप कुणाला संत बनवत नाहीत. अमुक व्यक्ती स्वर्गात आहे, तिच्याकडे मध्यस्थी मागावी, अशी ग्वाही ते साऱ्या ख्रिस्तसभेला देतात. प्रार्थना ऐकणारा देवच. भाविकांना पोपकडून हवी असते ती अशी निःसंदिग्ध ग्वाही.

ही अपेक्षा किती चिवट असते, याचा जपानइतका विलक्षण दाखला मला दुसरा माहीत नाही. १६१४च्या बंदीनंतर तिथे ख्रिस्ती धर्म गुप्तपणे जगला. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरू नाही, मिस्सा नाही. बाप्तिस्मा, प्रार्थना, सणांची दिनदर्शिका, सारे शेतकरी-कोळ्यांनीच जपले. नागासाकीत याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने ओउरा चर्च उभे राहिले आणि १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही गावकरी तिथे आले. फ्रेंच धर्मगुरू बर्नार पेतिझाँ यांना त्यांनी हळूच आपली श्रद्धा सांगितली आणि मरियामातेची मूर्ती कुठे आहे, असे विचारले. पुढे आलेल्या इतर गुप्त ख्रिस्ती लोकांनी आणखी चौकशी केली: धर्मगुरू अविवाहित आहेत ना? रोमच्या प्रमुखाला मानतात ना?

रोमला तेव्हा पोप होते नववे पायस, गोन्सालोंना तीनच वर्षांपूर्वी संत घोषित करणारे.