अंतराळात रडू आले तर?

अंतराळवीर भेटला की मोठी माणसे देशाची प्रगती, मानवजातीचे भवितव्य अशा भारदस्त गोष्टी विचारतात. मुले विचारतात, ‘तुम्ही झोपता कुठे? जेवता काय? आजारी पडलात तर?’ जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते, तेव्हा शाळकरी मुलांनी त्यांना असेच प्रश्न विचारले. आमचे मत विचाराल तर मुलांचेच प्रश्न खरे. भवितव्याविषयी काहीबाही बोलून वेळ मारून नेता येते. ‘पाणी कसे पिता?’ याचे उत्तर मात्र ठाऊकच असावे लागते.

‘ते तरंगतात का?’ हा पहिला प्रश्न. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ असे सांगून बहुतेक वडील पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतात. उत्तर साफ चूक! स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंच, म्हणजे मुंबईहून कोल्हापूरच्या जरासे पुढे. तिथे पृथ्वीची ओढ इथल्या सुमारे नऊ-दशांश असते. पण रहाटाचा दोर तुटून बादली विहिरीत पडू लागली, तर आतले पाणीही तिच्याबरोबरच पडते. त्याचा भार बुडावर येत नाही. स्थानकाचे तसेच आहे. ते सतत पडतेच आहे. मात्र ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढेही धावत असल्याने, गोल पृथ्वी खालून वळत जाते आणि ते जमिनीला कधी लागत नाही.

दीड तासात एक प्रदक्षिणा, दिवसाला सोळा सूर्योदय! नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान करायचे, तर कोणत्या? प्रश्न मिटलेलाच आहे, कारण तिथे आंघोळच नाही. ओल्या फडक्याने अंग पुसायचे, इतकेच. (हे वाचून काही बालवाचकांना अंतराळवीर व्हावेसे वाटेल.) झोपायचे ते भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून. उशी नको, गादी नको. वारा मात्र खेळता हवा. इथे उच्छ्वासाची गरम हवा हलकी म्हणून वर निघून जाते. तिथे वर-खाली असे काही नसल्याने ती तोंडाभोवतीच साचेल आणि झोपलेल्याचे डोके दुखू लागेल.

जेवणाचे वैरी म्हणजे कण. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जॉन यंग यांनी जेमिनी यानात खिशातून चोरून सँडविच नेले; त्याचे कण यानभर तरंगू लागले आणि पुढे वरिष्ठांची बोलणी खावी लागली. १९८५ मध्ये मेक्सिकोचे रोदोल्फो नेरी वेला यांनी आपल्याकडच्या पोळीसारखा टॉर्टिया नेला. त्याचा चुरा होत नाही, म्हणून तो तेव्हापासून अंतराळवीरांच्या जेवणात रूढ झाला. शुक्ला यांनी गाजरहलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. चिवडा नेला नाही हे उत्तम केले.

आता मथळ्यातला प्रश्न. रडू येते, पण अश्रू गालावरून ओघळत नाहीत. त्यांचा गोळा डोळ्यावरच बसून राहतो आणि चुरचुरतो. २०१३ मध्ये कॅनडाचे ख्रिस हॅडफील्ड यांनी डोळ्यात पाणी घालून हे साऱ्या जगाला दाखवले. पाहणाऱ्यांना गंमत वाटली.

त्याच वर्षी १६ जुलैला इटलीचे लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या मानेमागे ओले लागले. पाणी वाढत गेले. ते खाली पडेना. डोक्याला चिकटून पुढे सरकले आणि त्याने कान, डोळे, नाकपुड्या झाकल्या. शिरस्त्राण बंद; पुसणार कशाने? त्यातच सूर्य मावळला. सुरक्षेच्या दोरीची ओढ चाचपत, जवळजवळ आंधळेपणाने, ते दारापर्यंत पोहोचले. पोशाख थंड ठेवणारे पाणी एका तुंबलेल्या भागामुळे हवेच्या वाटेत शिरले होते. सुमारे दीड लिटर पाणी, आणि त्यात माणूस बुडता बुडता वाचला!

खरी गोष्ट पुढेच आहे. आदल्याच आठवड्यात, ९ जुलैला, त्याच शिरस्त्राणात थोडे पाणी सापडले होते. पिण्याच्या पाण्याची पिशवी गळली असेल, असे सर्वांनी धरून चालले. ‘पिशवी खरेच गळते का?’ हे पिळून पाहण्याइतके कोणी थांबले नाही. चौथीतली एखादी मुलगी तिथे असती, तर तिने हेच विचारले असते, आणि कोणीतरी तिला गप्प बस म्हटले असते. चौकशी समितीने नंतर नेमके इथेच बोट ठेवले.

शौचाचा प्रश्न मुले हटकून विचारतात, आणि आया डोळे वटारतात. पण सांगतोच. पाण्याऐवजी तिथे हवेचा झोत सारे ओढून घेतो. मूत्र शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या पाण्यात येते. २०२३ मध्ये सांडपाणी व हवेतल्या दमटपणातून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली.

वजन नसल्याची किंमत शरीर मोजते. व्यायाम केला नाही तर भार वाहणारी हाडे महिन्याला एखादा टक्का झिजतात, म्हणून रोज सुमारे दोन तास घाम गाळायचा. मनाची सवय मात्र परतल्यावरही सुटत नाही. पृथ्वीवर आल्यावर शुक्ला बिछान्यात लॅपटॉपवर काम करत होते. काम संपताच त्यांनी तो मिटून बिछान्याबाहेर हवेतच ठेवून दिला, तरंगेल म्हणून. सुदैवाने खाली गालिचा होता.