उपचार संपल्यानंतरचा ताण : तिला अजूनही आधार हवा आहे

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, केमो आणि रेडिएशन पूर्ण झाले की घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. ‘आता तू बरी झालीस’ असे म्हणत घरकाम आणि नोकरी पुन्हा तिच्या अंगावर पडते. पण अनेक स्त्रियांना खरा ताण याच वेळी जाणवतो. उपचार चालू असताना डॉक्टर, नर्स वरचेवर भेटतात, त्याचा धीर असतो. तो आधार एकदम कमी होतो आणि मनात प्रश्न उरतो, आजार परत आला तर?

ही भीती म्हणजे मनाचा कमकुवतपणा नाही. शिवाय शरीरही पूर्ण सावरलेले नसते. केमोनंतरचा थकवा कित्येक महिने राहू शकतो, तो नुसत्या झोपेने जात नाही. हार्मोनशी संबंधित कर्करोगात टॅमोक्सिफेनसारखी गोळी साधारण 5 ते 10 वर्षे घ्यावी लागते. तिच्यामुळे अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, घाम येतो, झोपमोड होते. काखेतील गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते. स्तन गमावल्याचे दुःख तर ती कुणाजवळ बोलतही नाही.

काय करता येईल?

चालणे : डॉक्टरांना विचारून रोज 10 मिनिटांपासून सुरुवात करावी. हळूहळू आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालावे. थकव्यावर हा चांगला उपाय आहे.

श्वासाकडे लक्ष : आनापानसती आपल्याला नवी नाही. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये सजगतेवर आधारित 8 आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. कर्करुग्णांची चिंता आणि नैराश्य कमी करण्यासाठी असा सराव करावा, अशी शिफारस 2023 मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही केली. मात्र ध्यानाने ताण हलका होतो, कर्करोग बरा होत नाही. त्यामुळे कुणाच्याही सांगण्यावरून गोळी किंवा तपासणी बंद करू नये.

मदत मागणे : दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप किंवा भूक उडाली असेल तर डॉक्टरांना सांगावे. ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. नैराश्यावरची काही औषधे टॅमोक्सिफेनचा परिणाम कमी करतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना आपल्या सगळ्या गोळ्या दाखवाव्यात.

घरच्यांनी आणि समाजाने काय करावे?

कर्करोग संसर्गाने होत नाही. तिचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही. ‘मागच्या जन्मीचे पाप’ अशी कुजबुज तर धम्म मानणाऱ्या घरात व्हायलाच नको. ‘रडू नकोस’ म्हणण्यापेक्षा तिचे ऐकून घ्यावे, तपासणीच्या दिवशी सोबत जावे, जड कामे वाटून घ्यावीत. विहारातील महिला मंडळांनी महिन्यातून एकदा अशा भगिनींना एकत्र बसवले, तरी मोठे काम होईल. ज्या दुखण्यातून आपण गेलो त्यातून दुसरीही गेली आहे, हे कळले की मनावरचे ओझे बरेच हलके होते.